इंजिनिअरिंग सोडणाऱ्यांची मोजपट्टी

बी.एड.ला मूल्यमापनाचा पेपर ज्यांनी दिला आहे त्यांना 'थर्स्टनची श्रेणी' आणि 'लिकर्टची श्रेणी' यांतला फरक विचारणारा प्रश्न आठवत असेल. थर्स्टनची अकरा बिंदूंची, लिकर्टची पाच बिंदूंची, एवढे लिहिले की निम्मे गुण पदरात पडत. या दोघांबद्दल पाठ्यपुस्तकांत सहसा न येणारी एक गोष्ट अशी, की दोघेही आधी अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते आणि दोघांनीही ती वाट सोडली. पुढे साठ-पासष्ट वर्षांनी त्यांच्या मोजपट्टीने अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मोजण्यात आले. कोण टिकतो आणि कोण सोडून जातो, याचा काही अंदाज आधीच येतो का, हे पाहायचे होते. आणि हे घडले ते अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात, जिथे थर्स्टनने मानसशास्त्रातली आपली उमेदवारी केली होती.

मुळात हा प्रश्न आला कुठून? १९१८ साली चार्ल्स मान या भौतिकीच्या प्राध्यापकाने कार्नेगी फाउंडेशनसाठी अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षणाचा एक अहवाल लिहिला. त्यासाठी देशातल्या मोठ्या अभियंता संस्थांच्या सभासदांना विचारण्यात आले होते, की चांगला अभियंता होण्यासाठी कोणत्या गुणाला किती महत्त्व द्याल? सुमारे सात हजार उत्तरे आली. त्यांची सरासरी काढली तेव्हा शंभरपैकी चारित्र्य आणि जबाबदारीची जाणीव यांना २४, निर्णयशक्तीला १९.५, कार्यक्षमतेला १६.५ आणि माणसे ओळखण्याच्या व सांभाळण्याच्या हातोटीला १५ गुण पडले. अभियांत्रिकीच्या मूलभूत ज्ञानाला १५ आणि प्रत्यक्ष तंत्राला अवघे १०. म्हणजे ज्या गोष्टींची महाविद्यालय परीक्षा घेते त्यांच्या वाट्याला सगळे मिळून पाव भाग! उरलेला पाऊण भाग मोजण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते. त्याच अहवालासाठी थॉर्नडाइक या प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांच्या काही चाचण्या घेतल्या होत्या, पण त्या क्षमतेच्या होत्या. मुलाला हा विषय हवासा वाटतो का, हा धंदा त्याला कसा दिसतो, आपल्याला जमेल असे त्याला वाटते का, हे त्यांतून कळण्यासारखे नव्हते.

या 'वाटण्या'ला शास्त्रीय मराठीत अभिवृत्ती म्हणतात. शब्द जरा जड आहे. 'कल' म्हणावे, तर महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी होत असे, तिच्याशी गोंधळ होतो. इथे अभिवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल मनात असलेला अनुकूल किंवा प्रतिकूल ओढा, एवढेच समजू.

लुई लिऑन थर्स्टन याचा जन्म १८८७ साली शिकागोत एका स्वीडिश कुटुंबात झाला. कॉर्नेल विद्यापीठात तो अभियांत्रिकी शिकत होता. विद्यार्थी असतानाच त्याने न लुकलुकणारा चित्रपट-प्रक्षेपक बनवला. तो थॉमस एडिसनच्या पाहण्यात आला आणि एडिसनने त्याला आपल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतले. १९१२ सालचे काही महिने थर्स्टन तिथे होता. त्या काळच्या कोणत्याही तरुण अभियंत्याला हेवा वाटावा अशी ही नोकरी. पण त्याच वर्षी तो मिनेसोटा विद्यापीठात अभियांत्रिकीच्या मुलांना आलेखन शिकवायला गेला, आणि शिकवता शिकवता त्याला यंत्रापेक्षा शिकण्याच्या क्रियेचेच कोडे पडले. १९१४ मध्ये तो शिकागोला मानसशास्त्र शिकू लागला आणि पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रशिक्षण संस्थेत त्याला काम मिळाले. तिथे नुकताच उपयोजित मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला होता. १९२३ पर्यंत तो तिथे होता, शेवटची काही वर्षे विभागप्रमुख म्हणून.

शिकागोला परतल्यावर १९२८ साली त्याने एका समाजशास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला. त्याचे शीर्षक म्हणजे एक सरळ दावाच होता : अभिवृत्ती मोजता येतात. त्यातला युक्तिवाद अभियंत्याला शोभेल असा होता. आपण टेबल मोजतो म्हणजे टेबलाविषयी सगळे सांगतो असे नाही. त्याची उंची तेवढी सांगतो. रंग, लाकूड, कारागिरी बाजूला राहते. तसेच माणसाचे पूर्ण मन मोजायचे नाही. एका विषयाबद्दलचा अनुकूल-प्रतिकूलपणा ही एकच रेषा घ्यायची आणि तो तिच्यावर कुठे उभा आहे ते पाहायचे.

पण या रेषेवर खुणा कशा करायच्या? १९२९ साली चेव्ह या सहकाऱ्याबरोबर थर्स्टनने चर्चविषयक अभिवृत्तीची श्रेणी तयार केली, तिची रीत शिक्षकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. त्यांनी १३० विधाने जमवली. प्रत्येक विधान एकेका चिठ्ठीवर लिहून ३०० परीक्षकांना दिले आणि सांगितले, की याचे अकरा गठ्ठे करा. एका टोकाला अत्यंत अनुकूल, दुसऱ्या टोकाला अत्यंत प्रतिकूल. तुमचे स्वतःचे मत काय हे इथे विचारलेले नाही. विधान किती अनुकूल आहे तेवढेच ठरवा. मग प्रत्येक विधान कोणकोणत्या गठ्ठ्यात पडले ते पाहून त्याचा मध्यांक काढायचा. तीच त्या विधानाची श्रेणीवरील किंमत. काही विधाने कोणी तिसऱ्या गठ्ठ्यात टाकतो, तर कोणी नवव्या. अशी विधाने संदिग्ध म्हणून बाद. कारखान्यात प्रमाणाबाहेर गेलेला सुटा भाग जसा बाजूला काढतात, तसेच हे. शेवटी ४५ विधाने उरली.

मला या पद्धतीतले सर्वांत मोलाचे वाटते ते हे बाद करणे. आपण शाळेत प्रश्नावली करतो तेव्हा पहिल्या बैठकीत सुचलेले प्रश्न तसेच छापतो. 'इंजिनिअरला समाजात मान असतो' हे विधान अनुकूल आहे की ते बोलणाऱ्याची तक्रार आहे, हे आपण कोणाला विचारून पाहत नाही.

अर्थात ३०० परीक्षक मिळवणे खर्चाचे आणि कंटाळ्याचे काम. ते टाळले रेन्सिस लिकर्टने. (मराठी पुस्तकांत त्याचे नाव 'लायकर्ट' असेही छापतात, त्याचा स्वतःचा उच्चार 'लिकर्ट' असाच होता.) त्याचे वडील युनियन पॅसिफिक रेल्वेत अभियंता. मुलानेही मिशिगन विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीला नाव घातले. १९२२ सालच्या मोठ्या रेल्वे संपाच्या वेळी तो त्याच रेल्वेत उमेदवारी करत होता. व्यवस्थापन आणि कामगार एकमेकांशी नीट बोलूच शकत नाहीत, हे त्याने जवळून पाहिले. रूळ आणि पूल यांच्यापेक्षा हा प्रश्न त्याला अधिक कठीण वाटला असावा. त्याने शाखा बदलून १९२६ मध्ये समाजशास्त्राची पदवी घेतली आणि १९३२ साली कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्राची डॉक्टरेट.

त्या प्रबंधातील सूचना अगदी साधी होती. परीक्षक नकोत, गठ्ठे नकोत. विधान द्या आणि उत्तर देणाऱ्यालाच पाच पर्याय द्या : पूर्ण सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत, पूर्ण असहमत. त्यांना ५ ते १ गुण द्या आणि सर्व विधानांची बेरीज करा. उलट्या अर्थाचे विधान असेल तर गुणही उलटे. लिकर्टने गुण देण्याची एक किचकट संख्याशास्त्रीय रीतही वापरून पाहिली होती. तिचे निष्कर्ष आणि साध्या बेरजेचे निष्कर्ष यांचा सहसंबंध ०.९९ निघाला. मग किचकट रीत हवी कशाला? आज बँकेपासून दवाखान्यापर्यंत जिथे तिथे आपल्यापुढे येणाऱ्या पाच चौकटी त्या प्रबंधातून आल्या आहेत.

सोपेपणाची किंमत मोजावी लागलीच. 'सहमत' आणि 'पूर्ण सहमत' यांतले अंतर 'अनिश्चित' आणि 'सहमत' यांतल्या अंतराएवढेच आहे, याला आधार काय? १९४६ साली स्टीव्हन्सने मापनश्रेणींचे प्रकार सांगणारा लेख लिहिला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक सांगणारी पट्टी आणि सेंटिमीटरची पट्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वर्गातल्या क्रमांकांची सरासरी आपण काढत नाही. लिकर्टच्या चौकटींची मात्र सर्रास काढतो.

याहून मोठा घाव १९३४ साली रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाने घातला. अमेरिकेत चिनी लोकांविषयी उघड तिरस्कार होता तो हा काळ. लापिएर एका चिनी दाम्पत्याबरोबर देशभर हिंडला. २५१ हॉटेलांत आणि खाणावळींत ते गेले. नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. काही महिन्यांनी त्याने त्याच ठिकाणांना पत्राने विचारले, की चिनी गिऱ्हाईक तुम्ही घ्याल का? १२८ जणांनी उत्तर दिले आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी 'नाही' म्हणून कळवले. ज्यांनी हसून जेवण वाढले होते, तेच कागदावर नकार देत होते! या अभ्यासात त्रुटी पुष्कळ आहेत. पत्राला उत्तर देणारा आणि दारात उभा असलेला माणूस एकच होता का, हेही सांगता येत नाही. तरीही प्रश्न उरतोच. कागदावरच्या मताचा प्रत्यक्ष वागण्याशी संबंध काय? थर्स्टनने १९२८ च्या लेखात ही अडचण मान्य केली होती. त्याचे म्हणणे असे, की मत आणि कृती दोन्ही फसवू शकतात.

आता एकदम नव्वदीच्या दशकात येऊ. मधल्या काळात प्रश्नावल्यांचे पीक अमाप आले. १९६६ पासून तर अमेरिकेतील महाविद्यालयांत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांची देशव्यापी पाहणी दरवर्षी होऊ लागली. पण अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना हे सगळे समाजशास्त्रवाल्यांचे काम वाटे. त्यांच्यापुरता गळतीचा खुलासा सोपा होता : ज्याला झेपत नाही तो जातो. आपल्याकडच्या शिक्षककक्षातही हेच वाक्य ऐकू येते, आणि मीही ते अनेकदा उच्चारले आहे.

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या औद्योगिक अभियांत्रिकी विभागातील मेरी बेस्टरफील्ड-सॅकर, सिंथिया ॲटमन आणि लॅरी शुमन यांनी हा खुलासा तपासायचे ठरवले. (बेस्टरफील्ड हे आडनाव आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांना गुणवत्ता व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक असते, त्याच्या लेखकांत मेरी याही आहेत.) थर्स्टनची कार्नेगी संस्था, म्हणजे आजचे कार्नेगी मेलन विद्यापीठ, इथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ५० प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. उत्तरे लिकर्टच्या पद्धतीची. पण सगळ्या उत्तरांची एकच बेरीज त्यांनी केली नाही. प्रश्न तेरा घटकांत वाटले. अभियांत्रिकीविषयी एकूण ग्रह कसा आहे? पैशासाठी आलात का? घरच्यांच्या सांगण्यावरून आलात का? अभियंता समाजाच्या उपयोगी पडतो असे वाटते का? तो दिवसभर काय काम करतो याची कल्पना काय आहे? गणित-विज्ञानात रमता का? गटात काम करायला आवडते का? मग स्वतःबद्दलचा विश्वास : मूलभूत विषयांत, बोलण्या-लिहिण्यात आणि संगणकात, प्रश्न सोडवण्यात, अभ्यासाच्या सवयींत. तेरांतला एक घटक मला विशेष वाटतो. अभियांत्रिकी हे 'अचूक' शास्त्र आहे, असे विद्यार्थ्याला किती प्रमाणात वाटते? पुस्तकाच्या शेवटी प्रत्येक गणिताचे एकच उत्तर पाहत बारा वर्षे काढलेल्या मुलाला पुलाचे तीन आराखडे तिन्ही बरोबर असू शकतात हे कळले, की तो आनंदतो किंवा बिथरतो.

खरी युक्ती मात्र प्रश्नांत नव्हती. प्रश्नावली सत्राच्या अगदी आरंभी भरून घेतली गेली. नंतर कोण टिकला, कोण गेला, आणि जो गेला त्याचे गुण जाताना कसे होते, हे नोंदवहीतून पाहून ते मूळ उत्तरांशी जोडले गेले. म्हणजे लापिएरने दाखवलेली दरी त्यांनी गृहीत धरून सोडून दिली नाही, तर मोजायलाच घेतली. एका बाजूला ऑगस्टमधले मत, दुसऱ्या बाजूला वर्षभरातली कृती.

एप्रिल १९९७ मध्ये 'जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन'मध्ये निष्कर्ष आले. सोडून जाणाऱ्यांचे दोन गट पाडले होते : नापास होऊन किंवा कसेबसे गुण मिळवून गेलेले, आणि चांगले गुण असताना गेलेले. या दुसऱ्या गटाच्या आरंभीच्या अभिवृत्ती टिकलेल्यांपेक्षा तर वेगळ्या होत्याच, पण कमी गुणांमुळे गेलेल्यांपेक्षाही वेगळ्या होत्या. अभियांत्रिकीबद्दलही आणि स्वतःबद्दलही. पहिल्या चाचणी परीक्षेच्याही आधी, पाच चौकटींच्या कागदावर, ही मुले वेगळी दिसत होती. 'ज्याला झेपत नाही तो जातो' या वाक्यात ती बसत नव्हती. त्यांना झेपत होते.

त्याच वर्षी, १९९७ मध्ये, एलेन सेमूर आणि नॅन्सी ह्युइट यांचे विज्ञान-अभियांत्रिकी सोडणाऱ्यांविषयीचे पुस्तक आले. त्यांनी चौकटी वापरल्या नाहीत. सात संस्थांतील ३३५ विद्यार्थ्यांशी त्या सविस्तर बोलल्या. सोडणारे आणि टिकणारे यांच्या कुवतीत फार फरक नाही, असेच त्यांनाही आढळले. सोडणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी वाईट शिकवण्याची तक्रार केली. पण टिकलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांचीही तीच तक्रार होती! मुलाखतीने कळते ते हे, की आत आल्यावर काय घडले. ऑगस्टमधल्या कागदाने कळते ते, की तो काय घेऊन आत आला. माझ्या मते दोन्ही लागतात, आणि एकाच्या जोरावर दुसऱ्याला खोडण्याचा जो प्रकार चर्चासत्रांत चालतो तो निष्फळ आहे.

पिट्सबर्गची प्रश्नावली पुढे इतरत्र गेली. २००१ साली १७ संस्थांतल्या विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध झाली. प्रवेशाच्या वेळीच मुलींचा स्वतःच्या तयारीवरचा आणि यशस्वी होण्याच्या क्षमतेवरचा विश्वास मुलांपेक्षा कमी होता. महाविद्यालयाने अजून काहीच शिकवलेले नसताना हा फरक आला आहे, म्हणजे तो शाळेतून आणि घरातून आला आहे. शाळाशिक्षकांनी या निष्कर्षाकडे विशेष लक्ष द्यावे.

वर्षाच्या शेवटी तीच प्रश्नावली पुन्हा दिली तर एक गंमत होऊ शकते. 'मी प्रश्न चांगले सोडवतो' याला ऑगस्टमध्ये ५ देणारा मुलगा मे महिन्यात ३ देतो. तो मागे गेला का? बहुधा नाही. कठीण प्रश्न म्हणजे काय ते त्याला आता समजले आहे. मुलगा पुढे गेला आणि त्याच्या हातातली पट्टीच लांबली. सत्तरीच्या दशकात जॉर्ज हॉवर्ड या मानसशास्त्रज्ञाने हा दोष दाखवून दिला. त्याने सुचवलेला उपाय असा, की वर्षाच्या शेवटी दोन्ही गोष्टी विचाराव्यात : आज तू कुठे आहेस, आणि आजच्या समजुतीने पाहता तेव्हा कुठे होतास?

या सगळ्याचा आपल्याशी संबंध दूरचा नाही. १९९६ साली अमेरिकेतील अभियांत्रिकी मान्यता मंडळाने नवे निकष स्वीकारले : काय शिकवले यापेक्षा विद्यार्थ्याला काय येते ते दाखवा. जून २०१४ मध्ये भारताचे राष्ट्रीय मान्यता मंडळ, ज्याला महाविद्यालयांत सगळे 'एनबीए' म्हणतात, वॉशिंग्टन कराराचे पूर्ण सभासद झाले आणि ही विचारसरणी पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत पोचली. तिच्याबरोबर पाच चौकटींचे कागदही आले. सत्र संपताना मुले ते भरतात, सरासरी निघते, फायलीत लागते. पण कागद भरणाऱ्या मुलाचे पुढे काय झाले हे त्या सरासरीला कोणी जोडून पाहत नाही. जोडायचे तर नाव किंवा क्रमांक हवा, आणि नाव मागितले की मुले खरे लिहीत नाहीत. पिट्सबर्गलाही ही अडचण होतीच. निदान हा कागद गुण देणाऱ्या शिक्षकाच्या हाती जाणार नाही, एवढी खात्री मुलांना द्यावी लागते.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर बोलायचा योग आला. बोलण्याआधी मी दहा विधानांचा एक मराठी कागद वाटला. मधल्या चौकटीला काय म्हणावे यावर माझा बराच वेळ गेला होता. 'अनिश्चित' म्हणजे धरसोड वाटते. 'तटस्थ' म्हणजे मत आहे पण सांगायचे नाही. 'माहीत नाही' म्हणजे परीक्षेतला कोरा प्रश्न. शेवटी मी 'सांगता येत नाही' असे लिहिले. कागद परत आले तेव्हा 'इंजिनिअरचे रोजचे काम मला आवडेल' या विधानासमोर एका मुलीने पाचही चौकटी कोऱ्या ठेवल्या होत्या आणि पेन्सिलीने बाजूला लिहिले होते, 'अजून एकही इंजिनिअर काम करताना बघितला नाही.'